त्सो मोरीरीचा मुक्काम: कोरझोक गावातलं घर की तळ्याकडचा तंबू?

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे तिकिटं काढायच्या घाईत असलेल्यांची सोय होईल. लडाखमधल्या त्सो मोरीरी तळ्याला जाणार असाल तर काठावरच्या कोरझोक गावातल्या होमस्टेत राहा. तळ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या, फ्लश संडास आणि गिझरची जाहिरात करणाऱ्या तंबूंत राहू नका. होमस्टेला पाचपैकी साडेचार, तंबूंना दोन. गादी, जेवण, ऊब, माणसांची वागणूक हे सगळं गुणांत धरलं आहे. पण सर्वांत जास्त वजन एका प्रश्नाला दिलं आहे: इथे राहिलेल्या माणसाचं सांडपाणी शेवटी जातं कुठे? वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड नळाला पाणी पाहिलेल्या सोलापूरकराला हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही.

त्सो मोरीरी चांगथांग पठारावर, साडेचार हजार मीटर उंचीवर आहे. लांबी 26 किलोमीटरच्या आसपास, रुंदी तीन ते पाच, आणि खोली काही ठिकाणी 100 मीटरच्या घरात. भोवतालच्या डोंगरांवरचं बर्फ वितळून ओढ्यांनी आत येतं. बाहेर मात्र एकही नदी निघत नाही. पाणी कमी होतं ते फक्त ऊन-वाऱ्याने, वाफ होऊन. क्षार मागे उरतात, म्हणून पाणी मचूळ आहे, आणि काठाच्या गोट्यांवर पांढरी रेघ दिसते ती याच क्षारांची. वाहत्या नदीत पडलेली घाण निदान पुढे तरी जाते. इथे शाम्पू, साबण, मलमूत्रातलं नत्र, जे काही आत गेलं ते आतच राहणार. सोलापूरच्या संभाजी तलावावरची जलपर्णी आपण पाहिली आहे. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदाने साध्या तळ्याचं काय होतं हे आपल्याला कुणी सांगायला नको. त्सो मोरीरीचं निळेपण टिकलं आहे ते पाण्यात शेवाळाला खायला फारसं काही नाही म्हणून. लाल प्रकाश खोल पाण्यात शोषला जातो आणि निळा परत येतो. मधे शेवाळाचा गढूळपणा आला की हा खेळ संपला.

आता मुक्कामाकडे. कोरझोकमधल्या घरात खोली साधी असते: जमिनीवर गालिचा, भिंतीलगत बुटक्या गाद्या, जड रजया, मधे शेगडी. ॲटॅच्ड बाथरूम नसतं, आणि इथेच आपल्याकडची मंडळी नाक मुरडतात. म्हणून त्याबद्दल सविस्तर.

लडाखी घरातला पारंपरिक संडास दोन मजली असतो. वरच्या मजल्यावर छोटी खोली, मातीने लिंपलेली लाकडी जमीन, मधे लांबट चौकोनी भोक. कोपऱ्यात सुक्या मातीचा ढीग, त्यात कधी राख किंवा लेंड्या मिसळलेल्या, आणि एक फावडं. काम झालं की दोन फावडी माती भोकात लोटायची, बस्स. खालच्या बंद कोठीत ते सगळं सुकत, कुजत राहतं. वसंतात कोठीचं दार उघडून खत काढतात आणि शेतात घालतात. कोरझोकची जवाची शेतं जगातल्या सर्वांत उंच शेतांत गणली जातात, ती या खतावर उभी आहेत. नीट चाललेल्या कोठीला वास जवळपास नसतो. वास येतो तो कुणी वरून बादलीभर पाणी ओतलं की, कारण ओलाव्याने हवा बंद होते आणि कुजणं सडण्यात बदलतं. तेव्हा धुण्यासाठी अर्धा तांब्या पाणी ठीक, बादली नाही. ओले वाइप्स, सॅनिटरी पॅड, डायपर यांतलं काहीही आत टाकायचं नाही. ते खतातून जसंच्या तसं शेतात निघतं आणि घरातल्या बाईला हाताने वेचावं लागतं.

तंबूच्या कॅम्पचं गणित याच्या उलट. समजा 20 तंबू, 40 माणसं, आणि आंघोळ-फ्लश-धुणं धरून माणशी फक्त 60 लिटर पाणी. रोजचे 2,400 लिटर. हे पाणी ओढ्यातून किंवा झऱ्यातून उचललं जातं आणि घाण होऊन शोषखड्ड्यात सोडलं जातं. खड्डा ज्या जमिनीत आहे ती वाळू-गोट्यांची, म्हणजे चाळणीच. सेप्टिक टाकी आहे असं मालक अभिमानाने सांगतात, पण टाकीतली घाण पचवणारे जिवाणू थंडीत मंदावतात. उन्हाळ्यातही जिथे पहाटे पारा शून्यावर येतो, तिथे सोलापुरात चालणारी टाकी तशीच चालेल असं धरता येत नाही. शिवाय टाकी उपसायला गाडी हवी, आणि लेह सव्वादोनशे किलोमीटरवर. तळ्याच्या अगदी काठाशी मुक्कामाला परवानगी नाही, ती यासाठीच. तरी गावाबाहेरचे तंबू ज्या उतारावर आहेत त्या उताराचं पाणी जातं तळ्याकडेच.

तंबूंचे दोन गुण दिले ते दृश्यासाठी आणि पलंगासाठी. गुडघ्याचा त्रास असलेल्या ज्येष्ठांना बुटक्या गादीवरून उठणं जड जातं, हे मान्य. पण वारा सुटला की कापड रात्रभर फडफडतं, आणि तंबूत ऊब धरून राहत नाही. मातीच्या जाड भिंतींची खोली दिवसाचं ऊन साठवते. मध्यरात्री दोन वाजता हा फरक अंगाला कळतो. शेगडीबाबत एक इशारा: लेंड्या किंवा लाकूड जळत असताना खोली बंद करून झोपू नका. धुराची नळी नीट बसली आहे का पाहा, झोपायच्या आधी आग विझू द्या. हवा आधीच विरळ, त्यात कार्बन मोनॉक्साइड म्हणजे जिवाशी खेळ.

जेवणाला चांगले गुण. थुक्पा (शेवयांचं सूप), स्क्यू (कणकेचे जाडे तुकडे आणि भाजीचा रस्सा), खंबीर रोटी, कधी डाळ-भात. भाजी लेहहून येते, म्हणून कोबी-बटाटा-गाजर यांच्यापुढे अपेक्षा नको. डाळ कच्ची लागली तर घरच्या बाईला दोष देऊ नका. या उंचीवर पाणी साधारण 85 अंशांना उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही आणि चहाही आपल्यासारखा कडक उतरत नाही. लोणी-मिठाचा गुरगुर चहा मात्र प्या. कोरड्या हवेत अंगातलं पाणी नकळत उडतं, ते आणि मीठ दोन्ही त्यातून भरून येतं. सोबत आपली ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी न्यावी: दोन्ही आठवडाभर टिकतात, आणि उंचीवर जेव्हा जेवणावरची वासना उडते तेव्हा हेच घशाखाली उतरतं. डब्यात न्या, प्लास्टिकच्या पिशव्यांत नको. घरच्या आमा-लेंना (म्हणजे आईंना) चटणी द्या, तिखट आहे एवढं आधी सांगा.

सगळ्यात जास्त बिघडतं ते उंचीमुळे, आणि बिघडवते ती सहलीची आखणी. सोलापूर साधारण साडेचारशे मीटरवर, लेह साडेतीन हजारांवर. विमानाने गेलं तर शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम आहे. लेह ते कोरझोक ही उडी हजार मीटरची. म्हणून लेहमध्ये किमान दोन, शक्यतो तीन रात्री, पहिला दिवस निव्वळ आराम. मग वाटेत चुमाथांगला एक रात्र. हे गाव सिंधूकाठी चार हजार मीटरच्या आसपास आहे आणि गरम पाण्याचे झरे आहेत, त्यामुळे रात्र वाया गेली असं वाटत नाही. त्यानंतर कोरझोक. जी सहल तिसऱ्याच दिवशी तुम्हाला तळ्याकाठी झोपवते, ती स्वस्त असली तरी नको.

ॲसिटाझोलामाइडची 125 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून, असं सहसा देतात. सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा त्रास, रक्तदाबाची औषधं असतील तर घेण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचाराच. या गोळीने लघवी वाढते आणि बोटांना मुंग्या येतात, त्याने घाबरू नका. डोकं दुखणं, भूक जाणं ही पहिली लक्षणं. तिथेच थांबा, वर जाऊ नका. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला, बोलणं असंबद्ध झालं तर रात्र असो की पहाट, खाली उतरायचं. खाली उतरण्याला पर्याय नाही.

ऑक्सिजनबद्दलही. मेडिकलमध्ये मिळणारा 10 लिटरचा डबा मिनिटाला 2 लिटर या वेगाने पाच मिनिटांत संपतो. तो मनाचं समाधान आहे. दीड हजार लिटरचा सिलिंडर त्याच वेगाने साडेबारा तास चालतो. तो लेहमध्ये भाड्याने मिळतो, गाडीत ठेवा. कोरझोकला हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या तुलनेत 57-58 टक्क्यांच्या आसपास असतो, आणि जवळचं मोठं रुग्णालय लेहलाच.

रस्ता असा: लेह, कारू, उपशी, मग सिंधूच्या कडेकडेने कियारी, चुमाथांग, माहेचा पूल. तिथे परवाना तपासतात. पुलापलीकडे सुमडो, नामशांग ला (ला म्हणजे खिंड), कियागर त्सो नावाचं छोटं तळं, आणि मग कोरझोक. सलग गेल्यास सात तास धरा. पेट्रोलची टाकी आणि एटीएम, दोन्ही कामं लेहमध्येच उरका. परवाना आणि पर्यावरण शुल्काचे नियम हंगामागणिक बदलतात, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात पुन्हा तपासा आणि छापील चार-पाच प्रती जवळ ठेवा. बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, गटात निदान दोघांकडे पोस्टपेड असू द्या.

पोचल्यावर तळं कधी पाहायचं, हे वेळेवर ठरतं. दुपारी बारानंतर वारा उठतो आणि पाणी खवळतं. फोटोसाठी येणारे बहुतेक जण नेमके तेव्हाच येतात आणि हिरमुसतात. पहाटे पाणी स्थिर असतं. कोरझोक पश्चिम काठावर आहे आणि समोर पूर्वेला लुंगसेर कांगरी, चामसेर कांगरी ही 6,600 मीटरहून उंच शिखरं. त्यामुळे सूर्य त्यांच्यामागून उगवतो, आणि मावळतीचं ऊन मात्र थेट त्यांच्या बर्फावर पडतं. संध्याकाळी तळ्याचा काठ सावलीत, पाणी गडद जांभळं आणि वर शिखरं तांबूस, असं काही मिनिटं राहतं. ढग सरकला की पाण्याचा रंग बदलतो, काठाशी पोपटी-फिरोजी, आत एकदम शाईसारखा. उन्हाळ्यातल्या कोणत्याही स्वच्छ दिवशी हे दिसतं, त्यासाठी महागडी खिडकी लागत नाही. घरापासून दहा मिनिटं चालायचं, हळू.

गावात बौद्ध धर्माच्या द्रुक्पा परंपरेची गोंपा, म्हणजे मठ आहे. उन्हाळ्यात तिथे कोरझोक गुस्तोर हा मुखवटा-नृत्याचा दोन दिवसांचा उत्सव होतो आणि पठारावरचे चांगपा मेंढपाळ त्यासाठी गावात उतरतात. तारीख तिबेटी पंचांगावर ठरते, तेव्हा होमस्टे ठरवताना विचारा. त्या दिवसांत खोल्या लवकर भरतात. झऱ्यांजवळ छोटी पांढरी देवळी दिसली तर ते लुबांग. लु म्हणजे पाण्यात आणि जमिनीखाली राहणारे नाग. पाणी घाण केलं की ते कोपतात आणि अंगाला रोग होतात, अशी लडाखात श्रद्धा आहे. नागपंचमी पाळणाऱ्या, आणि तलावाच्या मधोमध असलेल्या सिद्धेश्वराला नमस्कार करून दिवस सुरू करणाऱ्या गावाला हे परकं वाटू नये. झऱ्यात भांडी, हात-पाय, कपडे काहीही धुवायचं नाही. मणी-भिंती, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती, उजव्या हाताला ठेवून, प्रदक्षिणेच्या दिशेने जायचं, आणि कोरलेला दगड आठवण म्हणून उचलायचा नाही. 2000 साली इथल्या लोकांनी हे तळं जिवंत पृथ्वीला दिलेली पवित्र भेट म्हणून जाहीर केलं. पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत ते आलं 2002 साली. आधी गाव, मग कागद.

विणकरांच्या शहरातून जाणाऱ्यांनी चांगपांच्या शेळ्या मुद्दाम पाहाव्यात. पश्मिना म्हणतात तो या शेळ्यांच्या लांब केसांखालचा मऊ थर. थंडी जितकी कडक तितका तो दाट. उन्हाळ्याच्या तोंडाला शेळी तो आपणहून टाकू लागते, तेव्हा लांब दातांच्या फणीने विंचरून काढतात. एका शेळीला वर्षाला साधारण पाव किलो कच्चा माल, आणि त्यातले भरड केस काढले की आणखी कमी. तंतू 12 ते 15 मायक्रॉनचा. ज्यांनी आयुष्यभर सुताचे काउंट मोजले त्यांना या आकड्याची किंमत लगेच कळेल. घरात कातलेली लोकर, मोजे, टोप्या विकायला असतील तर घ्या, घासाघीस न करता. चराऊ कुरणं आटत चालली, पोरं लेहला गेली, तर ही शेळीपालनाची वाटच बंद होते. होमस्टेचं उत्पन्न हे घर गावात टिकवून ठेवायला उपयोगी पडतं. साडेचार गुणांतला एक त्यासाठी आहे.

पक्ष्यांसाठी जाणाऱ्यांनी मे ते जुलै धरावा. काळ्या मानेचा क्रौंच, लडाखचा राज्यपक्षी, दलदलीच्या कुरणात घरटं करतो. बहुधा दोनच अंडी. पट्टकादंब हंस याच तळ्याकाठी वीण घालतात आणि थंडीत हिमालय ओलांडून भारतभरच्या जलाशयांवर उतरतात. उजनीच्या पाणलोटात हिवाळ्यात दिसणारी जात हीच. चक्रवाकाचंही तसंच. म्हणजे इथल्या कुरणाचं नुकसान झालं की त्याचा हिशोब उजनीकाठच्या भिगवणच्या नावाड्यालाही लागतो.

आणि हे नुकसान दिसतं कसं? तळ्याच्या टोकांना हिरव्या मखमलीसारखी ओलसर जमीन असते, वरून सपाट. गाडीवाला रीलसाठी त्यावरून गाडी नेतो. चाकाखाली गवताची मुळं दबतात, चर पडतो, त्या चरातून पाणी निचरून जातं आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथे गवताऐवजी तडकलेली माती उरते. इथे गवत वाढायला वर्षाचे जेमतेम चार महिने मिळतात, म्हणून चाकोरी वर्षानुवर्षं बुजत नाही. दुसरा शत्रू मोकाट कुत्री. कॅम्प, ढाबे आणि छावण्यांच्या उष्ट्यावर ती पोसली जातात, आणि हंगाम सरला, उष्टं बंद झालं की अंडी-पिल्लांवर जातात. कुत्र्याला बिस्किट टाकणारा माणूस दयाळू असतो, पण त्याचा भार क्रौंचाच्या पिल्लावर पडतो. घरट्यापासून निदान 300 मीटर लांब राहा, दुर्बीण न्या, ड्रोन आणूच नका. पक्षी मान उंच करून तुमच्याकडे पाहू लागला म्हणजे तुम्ही आधीच फार जवळ आहात.

परत येताना त्याच रस्त्याने येऊ नका. सुमडोवरून पुगाच्या गंधकाच्या झऱ्यांकडे, पोलोकोंगका ला ओलांडून त्सो कारला. 2020 साली रामसर यादीत आलेलं हे तळं पाहण्यासारखं आहे ते त्याच्या जोडीमुळे: शेजारी गोड्या पाण्याचं स्तार्त्सापुक त्सो आणि खारं त्सो कार, ज्याच्या काठावरून चांगपा पूर्वी मीठ गोळा करून विकत. पुढे डेबरिंग, तागलांग ला आणि लेह.

सामानात लोकरीचे किंवा सिंथेटिक थर्मल अंगालगत. सुती बनियन घामाने ओलं झालं की अंग गार पडतं. सोलापुरी चादर मात्र घ्याच, पांघरायला नव्हे, रजईच्या आत आपला स्वच्छ थर म्हणून. प्रत्येकी एक लिटरची धातूची बाटली, पॉवर बँक (वीज बेभरवशाची), उन्हाचा चष्मा, आणि कचऱ्यासाठी एक जाड पिशवी, जी भरून लेहला परत आणायची. साबण-शाम्पूची आंघोळ लेहला परतल्यावर.

होमस्टे ठरवताना फोनवर चारच गोष्टी विचारा: संडास सुका आहे की फ्लशचा, दर माणशी आहे का आणि त्यात दोन वेळचं जेवण धरलं आहे का, शेगडीची नळी छतातून बाहेर जाते का, आणि घर गावात आहे की गावाबाहेर. आगाऊ रक्कम थोडी, बाकी पैसे रोख आणि सुट्ट्या नोटांत. बोलायला सुरुवात करताना ‘जुले’ म्हणा.